शिंजो आबे आणि भारत: आजोबांच्या आठवणीपासून बुलेट ट्रेनपर्यंत

९ जुलै २०२२ या दिवशी भारतभर राष्ट्रध्वज अर्ध्यावर उतरवला होता. आदल्या दिवशी जपानमधल्या नारा शहरात भर प्रचारसभेत शिंजो आबे यांची गोळ्या झाडून हत्या झाली होती. तेव्हा ते पंतप्रधान नव्हते, पद सोडून त्यांना जवळपास दोन वर्षं झाली होती. परक्या देशाच्या माजी पंतप्रधानासाठी आपण राष्ट्रीय दुखवटा पाळावा, असं फार क्वचित घडतं. त्या दिवशी अनेकांच्या मनात आलं असेल की हा माणूस आपला एवढा कोण लागत होता?

दुसरा प्रश्न मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची बातमी आली की हमखास निघतो. जपान आपल्याला ०.१ टक्का व्याजानं हजारो कोटी रुपये देतोच का? त्यात त्याचा काय फायदा?

हे दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत आणि उत्तर शोधायला सुमारे सत्तर वर्षं मागे जावं लागतं. आपल्याकडे आबे यांच्याबद्दल बोलताना गंगा आरती आणि गळाभेटींच्या छायाचित्रांपाशीच गोष्ट संपते, याचं मला वाईट वाटतं, कारण खरी गोष्ट त्याहून खोल आहे. एका माणसाच्या मनातली घरगुती आठवण दोन देशांच्या व्यवहारात कशी उतरली, आणि त्या आठवणीची ताकद कुठे संपते, हे त्यातून नीट दिसतं.

आधी घराणं समजून घेऊ

आबे यांचा जन्म २१ सप्टेंबर १९५४ चा, टोकियोतला. आईचे वडील नोबुसुके किशी १९५७ ते १९६० या काळात जपानचे पंतप्रधान होते. किशींचे सख्खे धाकटे भाऊ एइसाकू सातो १९६४ ते १९७२ पंतप्रधान होते आणि १९७४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. भाऊ असून आडनावं वेगळी, कारण किशी दत्तक गेले होते. दत्तकाची ही रीत या घरात पुढेही चालली. आबे यांचे सख्खे धाकटे भाऊ मामाच्या घरी दत्तक गेले, नोबुओ किशी झाले आणि पुढे संरक्षणमंत्री. वडील शिंतारो आबे ऐंशीच्या दशकात परराष्ट्रमंत्री होते. वडिलांचे वडील कान आबेही खासदार होते आणि युद्धकाळात लष्करशाहीच्या विरोधात उभे राहिले होते.

म्हणजे घरात राजकारण जेवणाच्या ताटाबरोबरच वाढलं जायचं. पण आबे स्वतः पुन्हा पुन्हा नाव घेत ते आईकडच्या आजोबांचं. भारताशी असलेला धागाही तिथूनच येतो.

१९५७ साली असं काय झालं?

तेव्हाचा जपान आजच्यासारखा नव्हता. १९४५ मध्ये युद्ध हरलेला, दोन अणुबॉम्ब झेललेला, सात वर्षं परकीय सैन्याच्या ताब्यात राहिलेला देश. आशियातल्या ज्या देशांवर जपानी सैन्यानं राज्य केलं होतं, तिथे जपानी पाहुण्याचं तोंड बघायलाही लोक तयार नव्हते. फिलिपिन्स, इंडोनेशिया, ब्रह्मदेश यांच्याशी नुकसानभरपाईचा हिशेब सुरू होता किंवा नुकताच मिटला होता.

भारताची वागणूक वेगळी होती. १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को इथे जपानशी शांतता करार करण्यासाठी परिषद भरली, तिला भारत गेला नाही. जपानला बरोबरीचा मान मिळत नाही, अशी नेहरूंच्या सरकारची भूमिका होती. त्याऐवजी ९ जून १९५२ रोजी भारतानं जपानशी स्वतंत्र करार केला आणि युद्धाच्या नुकसानभरपाईवरचा हक्क सोडून दिला. त्याआधी १९४९ मध्ये टोकियोतल्या मुलांनी पत्रं लिहून हत्ती मागितला, तेव्हा नेहरूंनी आपल्या मुलीचं नाव दिलेली 'इंदिरा' नावाची हत्तीण उएनो प्राणिसंग्रहालयाला पाठवली. युद्धात तिथले हत्ती मारले गेले होते. जपानमधल्या त्या पिढीला ही हत्तीण आयुष्यभर लक्षात राहिली.

या पार्श्वभूमीवर मे १९५७ मध्ये किशी आशियाच्या दौऱ्यावर निघाले आणि भारतात आले. भारतात येणारे ते जपानचे पहिले पंतप्रधान. दिल्लीत हजारो लोकांच्या उघड्यावरच्या सभेत नेहरूंनी त्यांना शेजारी उभं केलं आणि ज्या देशाबद्दल मला फार आदर आहे त्या जपानचे हे पंतप्रधान, अशा अर्थाची ओळख करून दिली. हरलेल्या देशाच्या नेत्याला जाहीर सभेत मिळालेला हा मान किशी विसरले नाहीत. घरी गेल्यावर ते नातवाला ही गोष्ट सांगत. लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून ती ऐकल्याचं आबे यांनी २००७ मध्ये भारताच्या संसदेतच सांगितलं.

गावात असं होतं. एखादं घर पडतीला लागलेलं असतं, भाऊबंद दारात उभं करत नाहीत, आणि अशा वेळी कुणी तरी त्या घरच्या कर्त्याला भर मांडवात हाताला धरून पुढच्या पाटावर बसवतं. पुढे ते घर सावरतं, श्रीमंत होतं. पण तिसऱ्या पिढीतला नातूही त्या माणसाच्या घरी लग्न निघालं की आधी विचारतो, 'काय लागेल?' व्यवहार तो करतोच, हिशेबही ठेवतो. फक्त पहिला फोन त्याच दारी करतो. जपान-भारत नात्यात १९५७ चं स्थान नेमकं हे आहे.

किशींच्या भेटीनंतर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेहरू जपानला गेले. १९५८ मध्ये जपाननं भारताला १,८०० कोटी येनचं कर्ज दिलं. तेव्हाच्या ठरावीक दरानं, म्हणजे एका डॉलरला ३६० येन, ही रक्कम ५ कोटी डॉलर होते. जपाननं कुठल्याही देशाला दिलेलं हे पहिलं येन कर्ज. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी आपली परकीय चलनाची तिजोरी रिकामी होत आली होती, तेव्हा ते मिळालं.

न्यायमूर्ती पाल यांचा संबंध कुठे येतो?

युद्धानंतर जपानच्या नेत्यांवर टोकियोत खटला चालला. अकरा देशांचे अकरा न्यायाधीश होते. भारताकडून कलकत्ता उच्च न्यायालयाचे राधाबिनोद पाल होते. १९४८ मध्ये निकाल लागला तेव्हा बहुमतानं आरोपींना दोषी ठरवलं, सात जणांना फाशी झाली. सगळ्याच आरोपींना सगळ्याच आरोपांतून निर्दोष ठरवणारे पाल एकटे. त्यांचं वेगळं निकालपत्र हजार पानांच्या वर होतं.

त्यांचं म्हणणं कायद्याचं होतं. 'युद्ध पुकारणं' हा गुन्हा आहे असा कायदा युद्ध सुरू झालं तेव्हा नव्हता, मग नंतर केलेल्या कायद्यानं आधीच्या कृत्याला शिक्षा कशी द्यायची? आणि जिंकलेल्यांनीच हरलेल्यांचा न्याय केला तर तो न्याय होतो का? जपानी सैन्यानं अत्याचार केलेच नाहीत असं पाल यांनी म्हटलेलं नाही. उलट ते अत्याचार घडल्याचं त्यांनी मान्य केलं होतं. जपानमधल्या कडव्या राष्ट्रवाद्यांनी मात्र त्यांच्या निकालपत्रातला सोयीचा भागच उचलला, आणि आपल्याकडेही बहुतेक लेख तेवढंच सांगतात. हा पाल यांच्यावर अन्याय आहे.

आबे यांच्यासाठी ही आठवण घरचीच होती. किशी स्वतः संशयित युद्धगुन्हेगार म्हणून तीन वर्षं तुरुंगात होते. ऑगस्ट २००७ मध्ये भारतात आल्यावर आबे मुद्दाम कोलकात्याला गेले आणि पाल यांच्या चिरंजीवांना भेटले. त्याच दौऱ्यात ते नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या घरीही गेले.

आठवणीचं धोरण कसं झालं?

घरच्या गोष्टी सगळ्यांकडेच असतात. त्यांचं सरकारी धोरण होण्यासाठी ती गोष्ट बाळगणारा माणूस योग्य वेळी योग्य खुर्चीत असावा लागतो.

आबे पहिल्यांदा सप्टेंबर २००६ मध्ये पंतप्रधान झाले. त्याच वर्षी आलेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिलं होतं की आणखी दहा वर्षांत जपानचे भारताशी संबंध अमेरिका आणि चीनशी असलेल्या संबंधांच्याही पुढे गेले तर नवल वाटायला नको. तेव्हा टोकियोत हे फार थोड्यांना पटलं असतं. जपानच्या उद्योगाचा सगळा पैसा चीनकडे चालला होता.

२२ ऑगस्ट २००७ रोजी त्यांनी भारतीय संसदेपुढे भाषण केलं. पंतप्रधान होते डॉ. मनमोहन सिंग. भाषणाचं शीर्षक होतं 'दोन समुद्रांचा संगम', आणि ते त्यांनी शाहजहानचा मुलगा दारा शुकोह याच्या १६५५ च्या ग्रंथावरून घेतलं होतं. दाराला त्यातून सूफी आणि वेदान्त या दोन विचारधारा एकत्र आलेल्या दाखवायच्या होत्या. आबे यांना नकाशा दाखवायचा होता: हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर वेगळे मानायचे दिवस संपले, दोन्ही मिळून एकच मोठं क्षेत्र आहे आणि त्याच्या दोन टोकांना भारत आणि जपान आहेत. आज बातम्यांत 'हिंद-प्रशांत' किंवा 'इंडो-पॅसिफिक' हा शब्द येतो, त्याच्या राजकीय वापराची सुरुवात या भाषणापासून मानतात. पूर्वी 'आशिया-पॅसिफिक' म्हणत, आणि त्या नकाशात भारत कडेला राहायचा.

त्याच वर्षी मे महिन्यात भारत, जपान, अमेरिका, ऑस्ट्रेलिया या चार देशांचे अधिकारी मनिलात एकत्र बसले होते. यालाच पुढे 'क्वाड' म्हणू लागले. हा लष्करी करार नव्हे, चार देशांचं एकत्र बसून बोलण्याचं टेबल आहे. पण सप्टेंबर २००७ मध्ये पोटाच्या जुन्या आजारामुळे आणि निवडणुकीतल्या पराभवानंतर आबे यांनी राजीनामा दिला, काही महिन्यांत ऑस्ट्रेलियानं अंग काढून घेतलं आणि ते टेबल मोडलं. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, ते मनिलातच पुन्हा मांडलं गेलं. तेव्हा आबे पुन्हा पंतप्रधान होते.

मधल्या काळात सत्ता नसतानाही त्यांनी भारताचा नाद सोडला नाही. २०११ मध्ये माजी पंतप्रधान म्हणून ते दिल्लीत येऊन बोलून गेले. डिसेंबर २०१२ मध्ये सत्तेत परतल्यावर जानेवारी २०१४ च्या प्रजासत्ताक दिनाला ते प्रमुख पाहुणे होते, तेव्हाही पंतप्रधान मनमोहन सिंगच होते. मग दिल्लीत सरकार बदललं. नरेंद्र मोदी गुजरातचे मुख्यमंत्री असल्यापासून आबे यांना ओळखत होते. २०१४ मध्ये मोदी जपानला गेले तेव्हा आबे टोकियो सोडून क्योतोला आले. २०१५ मध्ये दोघं वाराणसीत गंगा आरतीला बसले. २०१८ मध्ये आबे यांनी मोदींना यामानाशीतल्या आपल्या खासगी घरी नेलं. आबे यांचं जमणं एका पक्षाशी किंवा एका नेत्याशी नव्हतं, हे इथे ध्यानात घ्यायला हवं. दोन्ही सरकारांशी त्यांनी तेवढ्याच आपुलकीनं काम केलं.

०.१ टक्क्याचं कर्ज म्हणजे नेमकं काय?

आता पैशांकडे येऊ. श्रीमंत देशाच्या सरकारनं दुसऱ्या देशाच्या विकासासाठी सवलतीत दिलेल्या पैशाला 'अधिकृत विकास सहाय्य' म्हणतात. जपान ते 'जायका' या सरकारी संस्थेमार्फत देतो. त्यातला मोठा भाग देणगी नसून येनमधलं कर्ज असतं, ते फेडावं लागतं.

बुलेट ट्रेनचं काम ५०८ किलोमीटरचं. १४ सप्टेंबर २०१७ रोजी साबरमतीत आबे आणि मोदींनी भूमिपूजन केलं तेव्हा खर्च सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये धरला होता. त्यातले ८१ टक्के, म्हणजे साधारण ८८ हजार कोटी, जपानचं कर्ज. मुदत ५० वर्षं, पहिली १५ वर्षं मुद्दल फेडायचं नाही, व्याज ०.१ टक्का.

ढोबळ हिशेब मांडू. पूर्ण ८८ हजार कोटी हातात आले असं धरलं तर ०.१ टक्क्यानं वर्षाचं व्याज ८८ कोटी होतं. तेच पैसे ७ टक्क्यांनी घेतले असते तर वर्षाला ६,१६० कोटी व्याज गेलं असतं. मुद्दल ३५ वर्षांत फेडायचं म्हटलं तर वर्षाला सुमारे अडीच हजार कोटी. प्रत्यक्षात पैसे टप्प्याटप्प्यानं येतात, पण फरक केवढा आहे ते यातून कळतं.

मग जपानला हे परवडतं कसं? पहिलं कारण तिथल्या बाजारात आहे. जपानमध्ये दोन दशकांहून जास्त काळ व्याजदर शून्याच्या आसपास होते. आपल्याला ०.१ टक्का दानधर्म वाटतो. तिथे ठेवीवर तेवढंही मिळत नव्हतं. दुसरं कारण व्यापाराचं. गाड्या आणि त्यांचं मुख्य तंत्रज्ञान जपानकडून घ्यायचं आहे, त्यामुळे कर्जाचा एक हिस्सा जपानी कारखान्यांकडेच परत जातो. शिंकान्सेन, म्हणजे त्यांची बुलेट ट्रेन, ही जपानची १९६४ पासूनची शान, पण परदेशात ती विकणं त्यांना जड गेलं आहे. इंडोनेशियातलं काम २०१५ मध्ये चीननं जपानच्या हातून नेलं. भारत गमावणं त्यांना परवडणारं नव्हतं.

आपल्या बाजूनंही धोका आहे. कर्ज येनमध्ये आहे. पुढच्या चाळीस वर्षांत रुपयाच्या तुलनेत येन महागला तर स्वस्त वाटणारं कर्ज महाग पडेल. गेल्या काही वर्षांत येन घसरला, त्यामुळे ही भीती प्रत्यक्षात उतरलेली नाही. पण मुदत संपायला अजून फार वेळ आहे, आणि प्रकल्पाचा खर्च तर सुरुवातीच्या अंदाजापेक्षा वाढला आहेच. पालघर जिल्ह्यात ज्यांची शेतं आणि घरं मार्गात आली, त्यांनी मोजलेली किंमत या व्याजाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही. 'स्वस्त कर्ज' म्हणताना ती विसरून चालणार नाही.

हा पैसा फक्त बुलेट ट्रेनपुरता नाही. मुंबईतली आरे ते कफ परेड भुयारी मेट्रो आणि शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू हे दोन्ही जायकाच्या कर्जातून झाले. मालगाड्यांसाठीचा जेएनपीटी बंदरापर्यंतचा पश्चिम मार्ग, तोही. पुण्यात मुळा-मुठा स्वच्छ करण्यासाठी २०१६ मध्ये कर्जाचा करार झाला. आणि हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं: अजिंठा-वेरूळच्या जतनासाठी आणि तिथल्या पर्यटन सोयींसाठी जपानचं कर्ज नव्वदीच्या दशकापासून आलेलं आहे, म्हणजे आबे पंतप्रधान होण्याच्या कितीतरी आधीपासून.

'म्हणजे जपान आधीपासूनच देत होता, आबे यांनी वेगळं काय केलं?'

रास्त शंका आहे. १९५८ पासून कर्ज येतच होतं. पण ते कधीही थांबू शकत होतं आणि एकदा थांबलंही. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्या आणि जपाननं नवी कर्जं गोठवली. अणुबॉम्ब झेललेल्या देशाच्या दृष्टीनं ते स्वाभाविक होतं. २००० मध्ये पंतप्रधान योशिरो मोरी भारतात आले तेव्हा बर्फ वितळू लागला. २००५ मध्ये जुनिचिरो कोइझुमी आले आणि दोन्ही पंतप्रधानांनी दरवर्षी भेटायचं ठरलं. म्हणजे पाया घालणारे इतरही होते, सगळं श्रेय आबे यांना देणं खरं नाही.

त्यांचं वेगळेपण दिसतं ते अणुकरारात. मुलकी अणुऊर्जेसाठी भारत-जपान चर्चा २०१० मध्ये सुरू झाली आणि २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर अडकली. भारतानं अण्वस्त्र प्रसारबंदी करारावर सही केलेली नाही, आणि असं न करणाऱ्या देशाला अणुतंत्रज्ञान देणं हिरोशिमा-नागासाकीच्या लोकांना सहन होणारं नव्हतं. त्या दोन्ही शहरांतून विरोध झाला. आबे यांच्या सरकारनं तो राजकीय भार उचलला आणि ११ नोव्हेंबर २०१६ रोजी टोकियोत करार झाला, जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. प्रसारबंदी करारात नसलेल्या देशाशी जपाननं असा करार करण्याची ही पहिलीच वेळ. भारतानं पुन्हा चाचणी केली तर सहकार्य थांबवू, ही जपानची भूमिका कायम आहे.

हे कोकणापर्यंत येतं. रत्नागिरी जिल्ह्यात जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या अणुभट्ट्या बसवण्याची योजना आहे. अशा भट्ट्यांचे अवजड पोलादी भाग बनवणारे कारखाने जगात मोजके, त्यांतला मोठा जपानमध्ये. जपानशी करार नसता तर फ्रान्स आणि अमेरिकेच्या कंपन्यांचीही अडचण होती. जैतापूरला अजून भट्टी उभी राहिलेली नाही आणि स्थानिकांचा विरोध हा वेगळा विषय आहे, पण धागे किती लांबवर जातात ते यातून कळतं.

'हे सगळं चीनच्या भीतीपोटीच ना?'

मोठ्या प्रमाणात, हो. २०१० मध्ये चीन जपानला मागे टाकून जगातली दुसरी मोठी अर्थव्यवस्था झाला. दोघंही आपली म्हणतात त्या सेनकाकू बेटांवरून तणाव आहे. जपानचं बहुतेक तेल हिंदी महासागरातून येतं, त्या वाटेवर मित्र असणं त्याला हवंच. पन्नाशीच्या दशकातही जपानची गरज होतीच, त्याच्या पोलाद कारखान्यांना लोहखनिज हवं होतं. तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात असलेल्या गोव्यातल्या खाणींचं खनिजही जहाजं भरून जपानला जायचं. भारताशी मैत्रीमागे त्या गरजेचा हिशेबही होता.

पण फक्त भीती हेच उत्तर मानलं तर तारखा जुळत नाहीत. आबे यांनी भारताबद्दल लिहिलं ते २००६ मध्ये, संसदेत बोलले २००७ मध्ये. चीनची धास्ती जगभर पसरली ती त्यानंतर. २००७ मध्ये स्वतः भारतही क्वाडबद्दल सावध होता, चीनला दुखवायची आपली इच्छा नव्हती. गरज सगळ्यांना दिसू लागण्याआधी त्यांनी पाऊल टाकलं, आणि पहिल्यांदा ते फसल्यावर दहा वर्षांनी पुन्हा टाकलं. माझ्या मते आजोबांच्या आठवणीचा खरा उपयोग इथे झाला. आठवणीनं हिताची जागा घेतली नाही, पण हित दिसेपर्यंत थांबायची चिकाटी तिनं दिली.

किशींचं दुसरं रूप

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ज्या आजोबांच्या आठवणीबद्दल आपण इतक्या प्रेमानं बोलतोय, ते चीन आणि कोरियातल्या लोकांच्या स्मृतीत अगदी वेगळे आहेत. तीसच्या दशकात जपाननं बळकावलेल्या मांचुरियाचं औद्योगिक प्रशासन किशींनी चालवलं, आणि तिथे चिनी मजुरांना वेठीला धरून राबवलं गेलं. १९४१ मध्ये युद्ध पुकारणाऱ्या पंतप्रधान तोजो यांच्या मंत्रिमंडळात ते मंत्री होते. तोजोंना २३ डिसेंबर १९४८ ला फाशी झाली आणि दुसऱ्या दिवशी किशी खटला न चालताच सुटले.

आबे यांनीही डिसेंबर २०१३ मध्ये यासुकुनी मंदिराला भेट दिली, जिथे युद्धगुन्हेगार ठरलेल्यांचंही स्मरण केलं जातं. चीन आणि दक्षिण कोरिया संतापले, अमेरिकेनंही नाराजी कळवली. भारताला आबे मोकळ्या मनाचे मित्र वाटले आणि दक्षिण कोरियात तेच इतिहास नाकारणारे वाटले. हे दोन्ही एकाच माणसाबद्दल खरं आहे. जपानी सैन्याच्या टाचेखाली भारताचा फार थोडा भाग आला, अंदमान आणि ईशान्येतल्या युद्धभूमीपुरता. त्यामुळे आपल्याला विसरणं सोपं गेलं. अंदमानात जपानी अंमलाखाली ज्यांनी छळ सोसला, त्यांच्या घरच्यांना ते इतकं सोपं गेलं नसणार.

मैत्री कुठे चालली नाही

समुद्रावर उतरणारी यूएस-२ विमानं भारताला विकायची जपानची फार इच्छा होती. वर्षानुवर्षं बोलणी झाली, किमतीवर अडली, खरेदी झाली नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये आशियातल्या मोठ्या व्यापार करारातून भारत बाहेर पडला. भारतानं त्यात राहावं म्हणून जपाननं बरेच प्रयत्न केले होते, पण आपल्या शेतकऱ्यांचा आणि लहान उद्योगांचा प्रश्न मोठा ठरला. त्याच डिसेंबरमध्ये गुवाहाटीत ठरलेली शिखर बैठक नागरिकत्व कायद्याविरुद्धच्या आंदोलनामुळे पुढे ढकलावी लागली. मग करोना आला, ऑगस्ट २०२० मध्ये आबे यांनी त्याच जुन्या आजारामुळे पद सोडण्याचं जाहीर केलं, आणि ती बैठक त्यांच्या कारकिर्दीत झालीच नाही.

आबे गेल्यानंतर

आबे हयात असतानाच, २०२१ मध्ये, भारतानं त्यांना पद्मविभूषण जाहीर केला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये टोकियोत त्यांच्या शासकीय अंत्यविधीला मोदी गेले. पुढे जपानमध्ये पंतप्रधान बदलत राहिले, तरी दोन्ही पंतप्रधानांच्या भेटी सुरू आहेत आणि कर्जाचे करार होत आहेत. पुढच्या पंतप्रधानाला आबे यांच्यासारखी घरगुती आठवण असण्याची गरज उरलेली नाही, कारण ती आठवण आता करारांच्या फायलीत आणि अधिकाऱ्यांच्या वार्षिक वेळापत्रकात जाऊन बसली आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये मोदी टोकियोत गेले तेव्हा ठरलेल्या गोष्टींत एक मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. पाच वर्षांत दोन्ही देशांतल्या पाच लाख लोकांची ये-जा व्हावी आणि त्यात भारतातून पन्नास हजार कुशल माणसं जपानला कामासाठी जावीत, असं उद्दिष्ट आहे. जपानची लोकसंख्या घटते आहे, तिथे कारखान्यांत, वृद्धाश्रमांत आणि संगणक कंपन्यांत हात कमी पडताहेत. पुण्यात जपानी शिकवण्याची परंपरा जुनी आहे आणि भाषेच्या परीक्षांना तिथून मोठ्या संख्येनं मुलं बसतात. या मुलामुलींना ओसाकात किंवा नागोयात भाड्यानं घर मिळेल का, आजारी पडल्यावर डॉक्टरशी बोलता येईल का, वरिष्ठ नीट वागवतील का, हे प्रश्न कुठल्याही शिखर बैठकीत सुटत नाहीत. ते नगरपालिकांच्या, कंपन्यांच्या आणि शेजाऱ्यांच्या पातळीवर सुटतात, आणि त्या कामाला आत्ता कुठे सुरुवात होते आहे.